भेगेशेजारचे सात बोल्ट: काढायचे की राहू द्यायचे?

कातळकिडा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

आम्ही नऊ जण एका साठ मीटरच्या कड्यावर सहा वर्षं चढतोय. कड्याच्या मधोमध एक सलग भेग आहे. तीन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या जोडीदाराने ती पहिल्यांदा चढली, पूर्णपणे नट आणि कॅमवर (भेगेत हाताने अडकवायचे आणि जाताना काढून न्यायचे धातूचे तुकडे). माथ्यावर अँकरसाठी, म्हणजे दोर बांधायला, भोकं पाडून दोन कायमचे बोल्ट ठोकले, बाकी कातळात काही ठेवलं नाही. वरच्या टप्प्यात भेग बुजते आणि चारेक मीटर कोरा कातळ लागतो. तिथे काहीही बसत नाही. त्याच्या वरच्या टोकाला हात सुटला तर आठ मीटरची आपटी ठरलेली.

गेल्या महिन्यात गेलो तर भेगेच्या उजव्या अंगाला सात चकचकीत हँगर (बोल्टवरच्या, दोर अडकवायच्या पट्ट्या). कुणीतरी वरून दोर सोडून ड्रिल मशीनने ठोकलेत. पाच भेगेला लागून, दोन कोऱ्या भागात. पहिला तर भेगेपासून टीचभर. माझा सात नंबरचा नट जिथे खट्कन बसतो, तिथे उभं राहून कोपर न उचलता तो क्लिप करता येतो.

आमच्यातले चार म्हणतात काढा, चार म्हणतात असू दे. नववा मी. काय करू?

तिसरी मेख
काढा.

उंटावरचा शहाणा
मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण चार-चार आणि नववे तुम्ही, म्हणजे सरकार तुमच्या पाठिंब्यावर उभं आहे. आधी मंत्रिपद मागून घ्या.

सुरवंट
का काढायचे? मी मागच्या वर्षी चढायला लागले. कॅमचा पूर्ण संच माझ्याकडे नाही, लवकर येईल अशी लक्षणंही नाहीत. बोल्ट असले की दोर आणि दहा क्विकड्रॉवर (बोल्टला दोर जोडायच्या कड्या) काम भागतं. ज्याच्याकडे साहित्य त्याचाच कडा, असं आहे का? नट लावायची हौस असलेल्यांनी नट लावावेत, बोल्ट क्लिप करा म्हणून कुणी गळ्यावर सुरी ठेवलेली नाही.

तिसरी मेख
@सुरवंट, "नको असेल तर क्लिप करू नका" हे मी तीस वर्षं ऐकतोय. टीचभर अंतरावर बोल्ट आहे हे माहीत असताना नट लावणं आणि तो नसताना लावणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हात थरथरायला लागले की शपथा विसरायला होतात.

हा नियम कुणाच्या अहंकारातून आलेला नाही, कातळाच्या नासाडीतून आलाय. पूर्वी सगळे भेगेत पोलादी पिटॉन (मेखा) ठोकायचे आणि मागचा गडी ते उखडून काढायचा. अमेरिकेतल्या योसेमिटीत ठोका-उखडाने भेगांची भोकं झाली. तिथल्या सेरेनिटी क्रॅक या वाटेचा फोटो बघा, रांगेने खळगे दिसतील. चढाईचं साहित्य बनवणाऱ्या इव्हॉन शुईनार्डचा पिटॉन हाच मुख्य धंदा होता, तरी १९७२ च्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये त्याने लोकांना सांगितलं की हे सोडा आणि हाताने बसणारे, हाताने निघणारे नट वापरा. त्याआधी १९६७ मध्ये रॉयल रॉबिन्सने नटक्रॅकर ही वाट निव्वळ नटांवर चढून दाखवली होती. म्हणजे जिथे नट बसतो तिथे भोक पाडायचं नाही, हे पन्नास वर्षांपूर्वी ठरलेलं आहे.

बिनदोर
मेखकाका, एक राहिलं. सेरेनिटी क्रॅकच्या त्याच खळग्यांत बोटं घालून आज लोक ती वाट मोकळेपणी, म्हणजे साहित्याला न लटकता, चढतात. नासाडी झाली नसती तर बोटं बसलीच नसती. नैतिकतेचं हे असं असतं बघा.

(काढावेत याच मताचा आहे. फक्त काडी टाकून गेलो.)

तिसरी मेख
काडी पोचली. बरोबर आहे तुझं, आणि नेमकं तेच मला टोचतं.

गंजका_हात
तत्त्वाचं तुमचं चालू द्या, मी लोखंडाचं बोलतो. नोकरीच गंजाची आहे.

आधी बघा, ठोकलंय काय? खिशातून चुंबक न्या. हँगरला घट्ट चिकटलं तर बहुधा जस्ताचा मुलामा दिलेलं साधं पोलाद आहे. उघड्यावर ते टिकत नाही, काही पावसाळ्यांत कातळावर तांबडे ओघळ दिसायला लागतील. चिकटलं नाही तर स्टेनलेस. हँगर एका धातूचा आणि बोल्ट दुसऱ्याचा असेल तर त्याहून वाईट, त्यातला एक दुसऱ्याला खातो. आणि चकचकीत आहे म्हणजे पक्कं आहे असं समजू नका. थायलंडच्या रेले-टोनसाईला समुद्राकाठच्या चुनखडीत स्टेनलेस बोल्ट आतून तडकून हाताने मोडल्याची उदाहरणं आहेत. आता तिथे टायटॅनियमचे, डिंकाने बसवलेले वापरतात.

काढायचेच ठरले तर हातोड्याने हँगर ठेचून बोडका दांडा ठेवू नका. ना धड बोल्ट, ना धड कातळ. बोल्टवरचा आट्यांचा नट सोडवा, हँगर काढा. दांडा पाचरीचा असेल तर ड्रिलला लावून गरागरा फिरवा, म्हणजे पाचरीची पकड सैल होते, आणि मग दुबेळक्या पट्टीने ओढा. भोकात इपॉक्सी भरा, वरून त्याच कड्याच्या दगडाची पूड चेपा. नीट केलं तर फुटावरून दिसत नाही.

सुरवंट
थोडक्यात, बोल्ट ठोकायला दहा मिनिटं आणि काढायला अर्धा दिवस.

गंजका_हात
अर्धा दिवस माझा. नवख्याचा पूर्ण.

पायवाट
थोडं मागे जाते. बोल्ट ठोकणारे ते राक्षस आणि काढणारे ते साधू, असा सूर लागतोय म्हणून.

१९७० मध्ये इटालियन गिर्यारोहक चेझारे माएस्त्रीने पॅटागोनियातल्या सेरो तोरे सुळक्याच्या एका धारेवर पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर चढवला आणि शेकडो बोल्ट मारले. कॉम्प्रेसर तिथेच भिंतीला लटकवून उतरला. राइनहोल्ड मेसनरने त्याआधीच, १९६८ मध्ये, लेख लिहून या वृत्तीवर कोरडे ओढले होते, की बोल्टने "अशक्य" हा शब्दच मरतो. इथवर सगळे मान डोलावतील. पुढे जानेवारी २०१२ मध्ये हेडन केनेडी आणि जेसन क्रुक यांनी ती धार माएस्त्रीच्या बोल्टच्या शिडीविना चढली आणि उतरताना शंभरावर बोल्ट तोडले. खाली गावात लोक भडकले, पोलिसांनी दोघांना ताब्यात घेतलं. चाळीस वर्षांत त्या बोल्टवरून किती जण माथ्यावर गेले असतील! दोघांनी कुणाला विचारलं होतं? मग त्याच महिन्यात डेव्हिड लामाने ती धार पूर्ण मोकळी चढली. आता सांगा, कोण बरोबर?

तिसरी मेख
दोघं.

पायवाट
काका, दोन माणसांनी सगळ्यांच्या वतीने ठोकलं हे वाईट आणि दोन माणसांनी सगळ्यांच्या वतीने तोडलं हे चांगलं, हे काही मला पटत नाही.

उंटावरचा शहाणा
कॉम्प्रेसर अजून तिथेच आहे? भंगारवाल्याला सांगितलं का कुणी?

बिनदोर
पायवाटताईंच्या उदाहरणाला जोड देतो, मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

१९७० मध्येच वॉरन हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल यांनी योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्याची पहाटेच्या उन्हातली भिंत चढली. २७ दिवस भिंतीवर. खालच्यांना वाटलं मेले, सुटकेची तयारी सुरू झाली, तर यांनी नको म्हणून कळवलं. पण बोल्ट आणि रिव्हेट मिळून तीनशेच्या वर भोकं. रॉबिन्स (वर मेखकाकांनी सांगितला तोच) खवळला. १९७१ मध्ये ही वाटच पुसून टाकायची म्हणून छिन्नी घेऊन चढायला लागला. खालच्या टप्प्यांवरचे बोल्ट तोडत गेला. मग वर जाताना लक्षात आलं की बोल्टच्या मधलं चढण साधं नाही, हार्डिंगने जीव टांगून काम केलंय. त्याने छिन्नी ठेवून दिली आणि उरलेली वाट आहे तशी चढून माथा गाठला.

@कातळकिडा, तुम्ही त्या सात बोल्टवरून एकदा तरी चढलात का? की खालूनच मोजलेत?

कातळकिडा
खालूनच मोजले. आणि वरून रॅपल करताना, म्हणजे दोराने उतरताना, बघितले.

बिनदोर
मग आधी चढा राव.

घारू
इतके प्रतिसाद झाले, पण घरट्याचं कुणी विचारलंच नाही. भिंतीवर पांढरे ओघळ आहेत का? कपारीखाली, वरून खाली गेलेले? चढणारे त्याला चॉक (हाताला लावायची पांढरी पूड) समजतात. ती बहुतेक वेळा शिकारी पक्ष्याची शी असते. वर घरटं आहे, अशी पाटीच समजा ती.

डीडीटीमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की आई उबवायला बसली की अंडं फुटायचं. योसेमिटीत तेव्हा चढणाऱ्यांनीच दोरावरून कपारीत जाऊन अंडी उतरवली, बाहेर उबवली आणि पिल्लं परत नेऊन ठेवली. १९९९ मध्ये हा पक्षी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. आजही तिथे विणीच्या काळात काही भिंती बंद ठेवतात आणि पिल्लं उडाली की उघडतात. भांडण होत नाही, कारण कुठली भिंत, कधीपासून, कधीपर्यंत हे स्पष्ट असतं.

बोल्टमुळे पक्ष्याला काही होत नाही. पण नट लावून वर्षाला चार जोड्या चढतील, बोल्टवरून दर रविवारी चाळीस जण. पक्ष्याला धातू कुठला याच्याशी देणंघेणं नाही, वर्दळीशी आहे.

सुरवंट
घारूदादा, हा मुद्दा मात्र लागला. मी "सगळ्यांना येऊ द्या" म्हणत होते, चाळीस जणांचा विचार केला नव्हता.

पण मग कमी लोकांनी यावं म्हणून वाट मुद्दाम धोक्याची ठेवायची? हे कुणी सरळ बोलत नाही, पण अर्थ तोच होतो.

तिसरी मेख
हो, तोच होतो. निदान मी तरी नाकारणार नाही.

रेतीचा_ढिगारा
चॉकचा विषय निघालाच आहे तर: २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास आला. सिलिकायुक्त शिळांवर वाढणाऱ्या नेचे-शेवाळांवर चॉकचा म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटचा वाईट परिणाम होतो, आणि डोळ्यांना चॉक दिसत नसलेल्या भागातही तो कातळावर सापडतो. बोल्टवर शंभर प्रतिसाद पडतील, पिशवीतल्या पांढऱ्या पुडीवर एकही नाही.

जर्मनीत एल्ब नदीकाठच्या वालुकाश्मात १९१३ पासून लिखित नियम आहेत. चॉक नाही. धातूचे नट-कॅम नाहीत, कारण मऊ दगडाच्या कडा तुटतात. दोराच्या गाठी भेगेत अडकवायच्या आणि पहिल्या चढणाऱ्याने बसवलेल्या मोजक्या लोखंडी कड्यांवर भागवायचं. कातळ ओला असेल तर चढायचंच नाही, ओला वालुकाश्म भुसभुशीत होतो. म्हणजे मेखकाका ज्याला शुद्ध म्हणतात तो नट तिथे गुन्हा आहे. दगड बदलला की धर्म बदलतो.

उंटावरचा शहाणा
गाठीवर लटकून चढतात? आमची बुटाची नाडी धड टिकत नाही.

पायवाट
आणखी एक गोष्ट सांगते, कारण "आपण आपसात ठरवू" हे गृहीतच मला खटकतंय.

शिपरॉक. न्यू मेक्सिकोत, नावाहो लोकांच्या भूमीत, वाळवंटातून एकदम उठलेला सुळका. त्यांच्यासाठी पवित्र. १९३९ मध्ये चार जणांनी तो पहिल्यांदा चढला आणि चार बोल्ट मारले. अमेरिकेतल्या चढाईतले पहिले बोल्ट म्हणतात ते हेच. त्या चौघांतला एक डेव्हिड ब्राऊर. पुढे तो सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेचा प्रमुख झाला, धरणांविरुद्ध लढला, आणि १९६४ चा अमेरिकेचा वनप्रदेश कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत पुढे होता. त्या कायद्यात राखीव रानात "बांधकाम" करायला मनाई आहे. २०२३ मध्ये तिथल्या उद्यान आणि वन खात्यांनी मसुदा काढला की कातळातला कायमचा बोल्ट म्हणजे असंच बांधकाम, तेव्हा प्रत्येकाची तपासणी व्हावी. चढणाऱ्यांनी रान उठवलं, २०२४ मध्ये मसुदा मागे पडला, आणि जानेवारी २०२५ मध्ये राखीव रानातही बोल्टला वाव ठेवणारा कायदा झाला. पहिले बोल्ट मारणारा आणि बोल्ट बेकायदा ठरवू शकणाऱ्या कायद्यासाठी लढणारा माणूस एकच!

आणि शिपरॉकचं काय? १९७० पासून नावाहोंनी तिथे चढाई बंद केली. ब्राऊरचे बोल्ट चांगले की वाईट ही चर्चा आपण अजून करतो. ज्यांचा तो डोंगर, त्यांचं म्हणणं साधं होतं: चढूच नका.

बिनदोर
पवित्र म्हणून बंद, हे कुठवर न्यायचं पण? मग सगळेच डोंगर कुणाचे ना कुणाचे देव आहेत.

पायवाट
मधली वाट असते की. १९५५ मध्ये कांचनजंगेवर जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही पावलं अलीकडे थांबले, आणि नंतर आलेल्या बऱ्याच जणांनी तोच पायंडा पाळला. अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवर सुळक्यावर १९९५ पासून जूनमध्ये मूळ रहिवाशांचे विधी असतात म्हणून चढू नका अशी विनंती आहे. बंदी नव्हे, विनंती. काही जण तरीही चढतात, पण बरेच थांबतात. उलट ऑस्ट्रेलियातल्या उलुरू डोंगरावर कित्येक वर्षं "कृपया चढू नका" अशी पाटी होती, लोक पाटीशेजारूनच चढायचे. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंदच झाली, आणि शेवटच्या दिवसांत तर रांगा लागल्या. विनंती मानली तर विनंतीच राहते, इतकंच.

घारू
+१. आणि माणसाची घाण? एव्हरेस्टवर २०१४ मध्ये प्रत्येकाने आठ किलो कचरा खाली आणायचा, नाहीतर अनामत जप्त, असा नियम आला, २०२४ पासून बेसकॅम्पच्या वर जाणाऱ्यांना शी पिशवीत भरून परत आणावी लागते. अलास्कातल्या डेनाली शिखरावर तर त्यासाठी डबाच देतात. पूर्वी हिमभेगेत टाकायची मुभा होती. हिमनदी ते पोटात ठेवत नाही, वर्षानुवर्षांनी खाली आणून बाहेर देते, हे कळल्यावर नियम आवळले.

संचालक
विष्ठेवर स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. (विनंती आहे, बंदी नाही.)

उंटावरचा शहाणा
संचालक, आठ किलोच्या वर प्रतिसाद गेले तर अनामत जप्त होते का?

गंजका_हात
कातळकिडा गायब झाले. चुंबक लावलं का हो?

कातळकिडा
गायब नव्हतो, कड्यावर होतो. तीन आठवड्यांचं एकदम लिहितो.

चुंबक घट्ट चिकटलं. सातही साधं पोलाद. दुसऱ्या बोल्टखाली आत्ताच बोटभर तांबडी रेघ आहे.

बिनदोर यांचं ऐकून आधी बोल्टवरून चढलो. सुरवंटताईंशी व्यनितून बोलणं झालं होतं, त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला होत्या. खालचे पाच अगदी बेकार जागी आहेत, हे रागातून म्हणत नाही. तिसरा क्लिप करायला भेग सोडून उजवीकडे लोंबावं लागतं. नट लावून जाणं त्यापेक्षा सोपं आहे. पण कोऱ्या भागातले दोन... खरं सांगतो, ज्याने ते मारले त्याला कळत होतं. पहिला नेमका तिथे आहे जिथे तीन वर्षांपूर्वी माझा डावा पाय थरथरला होता. त्या दिवशी वर जाऊन मी अर्धा तास गप्प बसलो होतो, आणि लोकांना मात्र "छान मोकळं चढण आहे" असं सांगितलं.

घरटं: पांढरे ओघळ आहेत, आमच्या भेगेवर नाही, डावीकडच्या कपारीखाली. सहा वर्षं आम्ही त्याला कुणाचं तरी चॉक म्हणत होतो. घारूंना फोटो पाठवले आहेत.

बोल्ट मारणारे सापडले. चार कॉलेजची मुलं. त्यांना वाट आधी चढलेली आहे हेच माहीत नव्हतं. आणि माहीत असणार तरी कसं? आम्ही कुठेही लिहून ठेवलेली नाही. गर्दी नको म्हणून मुद्दामच. मुलं ओशाळली, मी जास्त.

आणि पायथ्याची जमीन ज्यांची आहे त्या काकांकडे गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा, हेही कबूल करतो. मी बोल्टचं पुराण सुरू केलं. ते म्हणाले, "खिळ्यांचं तुमचं तुम्ही बघा, मला इथून दिसत पण नाहीत. कुंपणाच्या तारा वाकवून कोण येतं ते सांगा आधी, आणि विहिरीच्या अंगाला कागद कोण टाकतं." त्यांनी हंगामानंतर सगळ्यांनाच बंद करायचं ठरवलं होतं. तारा वाकवणाऱ्यांत आम्हीही आहोत. त्या मुलांनी उलट फाटकातून परवानगी मागून प्रवेश घेतला होता.

तिसरी मेख
अरेरे.

सुरवंट
मी साक्षीदार. काकांसमोर नऊही जणांचे चेहरे बघण्यासारखे होते. (त्यात माझा नाही, मी मुलांच्या बाजूने गेले होते.)

कातळकिडा
तर ठरलं ते असं. खालचे पाच काढायचे, मुलांनीच आमच्यासोबत. कोऱ्या भागातले दोन काढून त्याच भोकांत चांगल्या स्टेनलेसचे बसवायचे. पहिला चढणारा म्हणून मी आणि जोडीदाराने हो म्हटलंय. आमच्यातल्या दोघांना अजून मान्य नाही, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. कपारीकडचा भाग पिल्लं उडेपर्यंत बंद. कुंपणाला पायऱ्यांची चौकट काकांच्या सांगण्याप्रमाणे येत्या रविवारी ठोकतोय. वाट नकाशासकट लिहून काकांच्या फाटकावर लावणार, त्यात कोरा भागही आहे तसा लिहीन.

तिसरी मेख
ते दोन राहू देणं मला पटलेलं नाही. पण डाव्या पायाचं लिहिलंस म्हणून गप्प बसतो.

कातळकिडा
धन्यवाद काका. एक अडचण: चार निघाले, पाचवा निघत नाहीये. ड्रिलला लावला तर गरागरा फिरतो, ओढला तर सूतभर वर येऊन अडकतो. पट्टी वाकली.

गंजका_हात
भोकाच्या तोंडाशी कातळ फुटलाय का? जवळून फोटो टाका. हातोडा मात्र अजिबात घेऊ नका.

उंटावरचा शहाणा
मंत्रिपद सोडत नाहीये बहुतेक तो.